पाणी पोचायच्या आधीची शिट्टी

माझ्या सासूबाईंना लोक तोंडावर मावशी म्हणायचे आणि पाठ फिरली की भिंगरी. पायाला भिंगरी बांधल्यासारखी बाई, कुठे म्हणून टेकायची नाही. लग्न होऊन मी घरात आले तेव्हा अदबीनं त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली, तर त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या आणि उभ्याउभ्याच मला सगळं घर समजावून दिलं. पिठाचा डबा कुठे, काडेपेटी कुठे, मांजर कुठून आत शिरतं. सांगून झालं, दाराआडचा लोखंडी दांडा उचलला आणि निघूनही गेल्या. मी आपली रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले.

त्या दांड्यात त्यांचा जीव होता. नदीवरच्या जुन्या बंधाऱ्यातून आमचा पाट निघतो. त्याच्या तोंडाशी लाकडी दार आहे आणि ते या दांड्याशिवाय उचलत नाही. दांडा ज्याच्या हातात तो पाटकरी. कुणाच्या शेतात कधी आणि किती पाणी जायचं ते त्यानं बघायचं. हे काम आधी सासऱ्यांचं होतं. ते तापानं गेले तेव्हा ऐन पाळ्या चालू होत्या, म्हणून लोकांनी 'दुसरा कुणी मिळेपर्यंत' दांडा सासूबाईंकडे दिला. माझा नवरा तेव्हा रांगत होता. त्याचं लग्न झालं, त्याच्या कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागले, तरी बाई अजून तात्पुरत्याच होत्या.

पाटाचे नियम कुठे लिहिलेले नाहीत. कुणाला विचारलं तर तो आपल्या सोयीचा तेवढा नियम आधी सांगतो आणि बाकीचे त्याला आठवत नाहीत. पण पाळी सुरू झाली की सगळ्यांना सगळे नियम पाठ असतात. पाणी मोजायला तांब्याचं एक लहान भांडं आहे, बुडाला बारीक भोक असलेलं. ते पाण्यानं भरलेल्या घंगाळात तरंगत ठेवायचं. भोकातून पाणी आत येत येत ते बुडलं की एक भांडं पाणी झालं. कुणाच्या शेताला चार भांडी, कुणाला दोन. बंधाऱ्यावर या भांड्यापाशी कोण बसणार, तर ज्याची पाळी पुढची आहे तो. ते भांडं कधी बुडतंय याची त्याच्याएवढी घाई दुसऱ्या कुणाला असणार? तो डोळ्यात तेल घालून बसतो.

आणि यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चालतं पाणी. दार उचललं म्हणजे पाणी काही लगेच शेतात पडत नाही. कोरड्या पाटातून ते चालत जातं, वाटेतली माती पीत जाते. हे चालतं पाणी कुणाच्याच नावावर धरत नाहीत. पाटकरी पाण्याबरोबर काठाकाठानं चालत येतो आणि पाणी शेताच्या तोंडाला लागलं की शिट्टी वाजवतो. शिट्टी ऐकली की वरचा माणूस भांडं पाण्यावर सोडतो. भांडी बुडाली की तो थाळा बडवतो, खाली शेताचं तोंड बंद होतं, आणि पाटात जे मागे उरतं ते गुरांच्या डोणीत जातं. त्यावर माणसानं हक्क सांगायचा नाही.

तर सासूबाईंचं आयुष्य असं पाण्याबरोबर चालण्यात गेलं. उन्हातान्हात, काट्याकुट्यात, साडीचा काठ कायम चिखलाचा. पाणी जरा हळू चाललं की त्या त्याच्यावर ओरडायच्या. खरंच ओरडायच्या, मी ऐकलंय. 'चल की रे, झोपलास का?' घरी आल्या तरी कान पाटाकडेच. मी भाकरी वाढत असताना मध्येच उठायच्या, 'काहीतरी फुटलंय' म्हणायच्या आणि चालू लागायच्या. बहुतेक वेळा काहीही फुटलेलं नसायचं. अशा बाईबरोबर एका घरात राहायचं म्हणजे आपल्यालाही बसल्या जागी चैन पडत नाही.

आता नियमांतला शेवटचा नियम, ज्यानं आमच्या घरात आग लावली. ज्याच्या हातात दांडा, त्याच्या घरात पाटाखालची जमीन नको. त्याच्या नावावर नको आणि त्याच्या चुलीवर जेवणाऱ्या कुणाच्याही नावावर नको. सासूबाईंच्या भावानं त्यांना माहेरच्या शेतातला वाटा देऊ केला होता. चांगली काळी जमीन, पाटाच्या अगदी वरच्या अंगाला. त्यांनी नको म्हटलं. भाऊ म्हणाला, 'वेडी आहेस.' नवरा नाही, पदरात पोर, आणि बाई जमीन नाकारते म्हणजे वेडीच की. पण त्यांना दांडा हवा होता. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, तेही चालता चालता, मागे वळून न बघता.

आणि मग माझे बाबा आमच्याकडे राहायला आले. त्यांचे गुडघे गेले होते आणि मी एकुलती एक. येताना ते आपलं शेत माझ्या नावावर करून आले. लहानसंच शेत, पाटाच्या शेवटी, त्याला फुटलेल्या एका लांबच लांब फाट्यावर एकटंच. त्यात घेवडा लावलेला, नुकता फुलावर येत होता. आईच्या आजारपणात बाबांनी सगळं विकलं, हे तेवढं राखलं. मला म्हणाले, 'माझ्याच्यानं आता होत नाही. पण शेवटच्या सरीपर्यंत ओल गेली पाहिजे, बघ हं.' मी म्हटलं, 'जाईल, बाबा.'

नियमाप्रमाणे सासूबाईंनी त्या दिवशीच दांडा खाली ठेवायला हवा होता. पण वर्ष वाईट होतं. नदी लवकर आटायला लागली होती आणि वरचे शेतवाले खालच्यांकडे, खालचे वरच्यांकडे चोर असल्यासारखे बघत होते. बंधाऱ्यावर सगळे जमले. पाटाच्या बैठकीला आम्ही बैठक म्हणतो, पण तिथे कुणी बसत नाही. उभ्यानंच बोलायचं अशी रीत आहे, म्हणजे बोलणं लांबत नाही. वरच्या अंगाला पहिलं शेत आहे ते विटांच्या भट्टीवाल्याचं. तोच आधी बोलला, 'मावशींसारखं दुसरं कोण आहे? या वर्षापुरता नियम बाजूला ठेवू.' खालचेही लगेच हो म्हणाले. वरच्यांना खालचा माणूस नको होता आणि खालच्यांना वरचा.

मी सासूबाईंकडे बघत होते. मला वाटलं, आता या म्हणतील, नाही, नियम तो नियम. आयुष्यभर दुसऱ्यांना हेच ऐकवलं होतं. त्यांनी दांडा उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि चालू लागल्या. मला बरंही वाटलं आणि वाईटही.

आमच्या शेताची पहिली पाळी सकाळची होती. बघायला ही गर्दी! एरवी ज्यांना स्वतःच्या पाळीला उठवावं लागतं ते फाट्याच्या काठावर येऊन उभे होते. सासूबाई पाण्याबरोबर चालत आल्या, पाणी माझ्या पायाला लागलं, शिट्टी झाली. दोन भांडी पाणी, आमच्या हक्काचं. सगळं सरळ. पण आमच्या मागून पाळी भट्टीवाल्याची, म्हणून भांड्यावर तो बसलेला. त्यानं वर चार माणसांत म्हटलं, 'आज हे भांडं बुडायलाच तयार नाही. सुनेचं आहे ना, तेसुद्धा ओळख दाखवतंय.' लोक हसले. सासूबाई तोवर वर पोचल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

घरी आल्यावर त्यांनी पाणीसुद्धा प्यायलं नाही. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होत्या. मी म्हटलं, 'आई, तो वाह्यात बोलतो, तुम्ही कशाला मनावर घेता?' त्या म्हणाल्या, 'आजवर कुणी हसलं नव्हतं गं.' एवढंच बोलल्या आणि पुन्हा फेऱ्या.

पुढच्या पाळीला मी फावडं घेऊन शेताच्या तोंडाशी अनवाणी उभी होते. फाट्याला एक वळण आहे, त्याच्या पलीकडचं माझ्या जागेवरून दिसत नाही. पाण्याची वाट बघत मी वळणाकडे डोळे लावले होते. आणि शिट्टी वाजली. मी खाली बघितलं. पायाखालची माती कोरडी ठाक. मला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी वाजवली असेल, पण ती शिट्टी मी झोपेतही ओळखेन. बऱ्याच वेळानं वळणावरून पाणी आलं, आणि त्याच्या कडेनं सासूबाई, मान खाली घालून. त्या दिवशी शेवटच्या सऱ्या कोरड्या राहिल्या.

संध्याकाळी मी विचारलं. त्या चुलीपुढे लाकडं मागेपुढे करत होत्या. 'आई, शिट्टी लवकर वाजली.'

'कुठली शिट्टी?'

'पाणी पोचलं नव्हतं अजून.'

'तुझे कान वाजले असतील,' त्या म्हणाल्या, आणि काहीतरी फुटलंय म्हणून उठून गेल्या.

माझा नवरा बाजारात वेल्डिंगचं काम करतो. दिवसभर दोन तुकडे जोडत असतो, पण घरातलं काही जोडायला सांगितलं की त्याच्या अंगावर काटा येतो. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग म्हणाला, 'आईनं कधी कुणाचं थेंबभर घेतलं नाही.'

'माझं घेतलंय.'

'मला यात ओढू नकोस बाई,' तो म्हणाला.

बाबा खिडकीपाशी खाटेवर पडून असायचे. त्यांनी हाक मारून विचारलं, 'शेवटच्या सऱ्या भिजल्या ना गं?' मी म्हटलं, 'भिजल्या.' आणि मग मला घरात थांबवेना. मीही अंगणात फेऱ्या मारायला लागले. शेजारीण म्हणाली, 'सासूचं वारं लागलं वाटतं तुला.'

त्याच्या पुढच्या पाळीला शिट्टी आणखी आधी वाजली. थाळा बडवला तेव्हा पाणी निम्म्या शेतातही पोचलं नव्हतं. मला रडूच आलं. पलीकडच्या सऱ्यांतली फुलं हात लावला तरी गळत होती. आणि गावात काय चाललं होतं? आमच्या कोरड्या सऱ्या बघून कौतुक चाललं होतं. 'भिंगरीनं सुनेलाही सोडलं नाही हो,' असं दुकानावर, दळणाच्या रांगेत, जिथे तिथे. सगळ्यात मोठ्यानं भट्टीवाला बोलत होता. का नाही बोलणार? आमचं भांडं लवकर बुडालं की त्याची पाळी लवकर सुरू, आणि नदी आटत असताना जो आधी त्याला पाणी जास्त. माझं पाणी त्याच्या उसात जात होतं आणि तोंडानं माझ्या सासूचा उदो उदो. सासूबाईंनाही ते ऐकायला आवडत होतं, हे मला दिसत होतं. लोक पुन्हा पूर्वीसारखे बोलत होते ना.

माझ्या मनात नाही नाही ते आलं. यांनी माहेरची जमीन नाकारली आणि मला माहेरचीच मिळाली, ते यांना सलत असेल का? की नुसती त्या हसण्याची भीती? विचारून उत्तर मिळणार नव्हतं. आणि तक्रार करावी तर काय होणार ते मला पक्कं ठाऊक होतं. पाटकऱ्यावरची तक्रार खरी ठरली की दांडा गेला. दांडा गेल्यावर ही बाई करणार काय? बसणार कुठे? मी कामं करत होते, पण हातातलं एकही काम पुरं होत नव्हतं. दूध उतू गेलं, भाकरी करपली. बाबांना दर वेळी खोटं सांगायचं मला झेपेना.

तक्रार करायची तर दारावर फडकं बांधायचं, अशी रीत आहे. फडकं बांधलेलं असेपर्यंत दार उचलायचं नाही, पाळी कुणाचीही असो. त्यामुळे तक्रार लगेच ऐकली जाते, कारण सगळ्यांची शेतं तहानलेली असतात. उजाडल्यावर सासूबाई गोठ्याकडे गेल्या आहेत असं बघून मी बंधाऱ्यावर गेले आणि फडकं बांधलं. बांधताना गाठ दोनदा सुटली. फडकं माझ्या जुन्या साडीचं होतं, लग्नानंतर सासूबाईंनीच घेतलेल्या.

त्या आल्या, फडकं बघितलं, आणि त्यांना कळलं. मी लांब उभी होते. त्या माझ्याकडे आल्या नाहीत. दार आणि काठावरचा वड यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत राहिल्या, लोक गोळा होईपर्यंत.

तक्रार करणाऱ्यानं पाटात उभं राहून बोलायचं असतं. मी चपला काढून पाटात उतरले. म्हटलं, 'माझ्या शेतात पाणी पोचायच्या आधी शिट्टी वाजते. एकदा नाही, दोन पाळ्या.'

मग भट्टीवाला हसला, 'अहो सूनबाई, सासूसुनेचं भांडण घरी मिटवावं. आमच्या पाळ्या कशाला अडवता?'

'घरचं भांडण असतं तर फडकं चुलीला बांधलं असतं,' मी म्हटलं. 'भांडं तुम्ही सोडत होतात. पाणी कुणाच्या शेतात जात होतं ते लोकांना सांगा की.'

'मी शिट्टी ऐकून सोडलं. माझा काय दोष?' त्याचं बरोबरच होतं. साक्षीदार कुणी नव्हतं. वळणापलीकडे सासूबाई एकट्या, अलीकडे मी एकटी. माझा शब्द आणि त्यांचा शब्द, आणि त्यांच्या शब्दावर हे सगळं गाव आजवर पाणी पीत आलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी मी खोटी ठरले असते. मी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

सासूबाई चालायच्या थांबल्या. 'ती खरं बोलते,' त्या म्हणाल्या.

गलका झाला. कुणी म्हणालं, चूक झाली असेल, वय झालंय, ऐकू कमी येत असेल. भट्टीवाला पुढे आला, 'समजा झालं असेल, तरी मावशी, तुम्ही स्वतःच्याच घराचं कमी केलंत ना? त्यात कुणाचं काय गेलं? उलट तुमचं नावच झालं.'

'ते शेत माझं नाही,' सासूबाई म्हणाल्या. 'तिचं आहे. मी तिचं पाणी घेतलं आणि माझं नाव केलं.' त्या थांबल्या नाहीत. 'तुमच्यापैकी कुणाचं घेतलं असतं तर मला झोप लागली नसती. हिचं घेतलं आणि मी गाढ झोपले. घरातली आहे, सोसेल, कुणाला सांगणार नाही, असं धरून चालले मी.'

त्यांनी स्वतः फडकं सोडलं, पिळलं, माझ्या हातात दिलं. दांडा दारापाशी ठेवला. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मला तिथेच पाटात बसावंसं वाटत होतं. मी जिंकले होते म्हणे. गेलेलं पाणी काही परत मिळत नाही, कारण ते द्यायचं तर दुसऱ्या कुणाच्या शेतातून काढून द्यावं लागतं. तसाही नियम आहे. दांडा सायकलचं पंक्चर काढणाऱ्याकडे गेला. त्याच्याकडे दुकानाच्या टपरीएवढीसुद्धा स्वतःची जमीन नाही. लोकांनी त्याला सांगितलं, दुसरा कुणी मिळेपर्यंत.

घरी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत आणि मीही बोलले नाही. त्यांचं चालणं मात्र चालूच होतं. स्वयंपाकघर, अंगण, गोठा, पुन्हा स्वयंपाकघर. एक दिवस त्या बाबांच्या खाटेपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'तुमच्या पलीकडच्या सऱ्या वाळल्या. माझ्यामुळे.' बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांना म्हणाले, 'अलीकडच्या आहेत ना अजून?'

आमची पाळी आली. मी फावडं घेऊन निघाले, तर मागे पावलं वाजली. वळून बघितलं नाही. पंक्चरवाला पाण्याबरोबर धापा टाकत आला, पाणी माझ्या पायाला लागलं, मग शिट्टी झाली. मी शेताचं तोंड उघडलं आणि पहिल्या सरीत पाणी वळवलं. दुसऱ्या सरीचं दार धरायला एका माणसाचे हात पुरत नव्हते. एकीकडे माती ओढावी तर दुसरीकडे फुटत होतं.

सासूबाई बांधावर उभ्या होत्या, पदर खोचून. जन्मभर त्यांनी प्रत्येक शेताच्या तोंडापर्यंत पाणी आणलं होतं आणि तिथूनच मागे फिरल्या होत्या. पाटकऱ्याला कुणाच्या शेतात पाऊल टाकायची मनाई असते. सरीला पाणी कसं देतात हे त्यांना येत नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं. त्या एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होत्या, फुटलेल्या सरीकडे बघत होत्या, पण बांध ओलांडत नव्हत्या.

'येऊ का आत?' त्यांनी विचारलं. मला विचारलं.

माझा राग गेला नव्हता. पुढेही बरेच दिवस गेला नाही. पण पाणी वाया चाललं होतं आणि त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता.

'या,' मी म्हटलं. 'ती माती अशी दोन्ही हातांनी दाबून धरा. घट्ट. आणि मी सांगेपर्यंत हलू नका.'

त्या चिखलात गुडघे टेकून बसल्या आणि हलल्या नाहीत.